क्षमावाणीचं कार्ड

मस्कत,
२४ सप्टेंबर १९९४

तीर्थरूप सौ. आक्कास,
गोमटेशचा सा. न. वि. वि.

अण्णांना न लिहिता तुला एकटीला पत्र लिहितो आहे, तेव्हाच तू ओळखलं असशील की काहीतरी बिनसलं आहे. परवा, गुरुवारी, मला कामावरून काढलं.

ऑगस्टात आमच्या शीतगृहाचं एक मशीन बंद पडलं आणि आतली सफरचंदं सगळी नासली, हे मागच्या पत्रात लिहिलं होतं. त्या मशीनचं बेअरिंग बदला म्हणून मी जूनपासून मॅनेजरांच्या मागे लागलो होतो. ते म्हणायचे, सीझन उरकू दे. सीझन उरकायच्या आधी मशीनच उरकलं. मालकांनी जाब विचारल्यावर मॅनेजरांना कुणाची तरी मान हवी होती, आणि देखभालीचा मेकॅनिक मी. तरी महिनाभर कुणी काही बोललं नाही, कारण त्यांच्या हातात पुरावा नव्हता. तो मीच नेऊन दिला.

पर्युषण संपलं आणि क्षमावाणीला मी दरवर्षीसारखी कार्डं लिहिली. इथं मराठी कोण वाचणार, म्हणून इंग्रजीत. वॉचमनला, स्टोअरकीपरला, खोलीतल्या सगळ्यांना, आणि मॅनेजरांनासुद्धा. मजकूर आपला नेहमीचाच: वर्षभरात कळत-नकळत मनानं, बोलण्यानं, वागण्यानं आपल्याला दुखावलं असेल तर हात जोडून क्षमा मागतो. वॉचमननं मला मिठी मारली. मॅनेजरांनी कार्ड फाइलला लावलं. गुरुवारी केबिनमध्ये बोलावून तेच माझ्यापुढं धरलं आणि म्हणाले, तुझ्याच हातची कबुली आहे. आता राजीनाम्यावर सही कर, तिकीट देतो, गुपचूप घरी जा. नाहीतर निष्काळजीपणानं नुकसान केलं असा शेरा मारून पाठवतो, मग पुन्हा कुठलीच कंपनी तुला घेणार नाही.

आक्का, मी पेन उचललं होतं. पण दिवस मावळायला आला होता आणि डब्यातलं जेवण राहिलं होतं, म्हणून म्हणालो की आधी जेवतो, सही नंतर करतो. त्यांना हसू आलं. शुक्रवारची सुट्टी मध्ये आली म्हणून अजून सही राहिली आहे. कंपनीची खोली सोडायला लावली. औंधचे लालासाहेब, पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर आहेत, त्यांच्या खोलीवर राहतो. ते म्हणतात, लय शहाणपणा करू नको, पण सही बी करू नको. आता काय करू ते तूच सांग. अण्णांना आणि कीर्तीला इतक्यात काही कळवू नकोस.

दाजींना नमस्कार सांग. लोभ आहे तसाच ठेव, आत्ता तो फार लागणार आहे.

तुझा,
गोमटेश


सातारा,
६ ऑक्टोबर १९९४

चि. गोमटेशास,
आक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. आज सकाळी पोवई नाक्यावरच्या बूथवरून, तू पाकिटावर लिहिलेल्या नंबरावर, लालासाहेबांच्या खोलीखालच्या दुकानात फोन लावला. तू नव्हतास, ते होते. सही करायची नाही, एवढं तीन वेळा त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. तरी लिहून ठेवते: सही केलीस तर मला आक्का म्हणू नकोस.

जेवण आधी आणि सही नंतर, हे बाकी झकास झालं. लहानपणी दिवस मावळायच्या आत जेवायला बसवताना तुझ्या पाठीत घातलेले धपाटे कामी आले म्हणायचे. सुरतेच्या प्लेगमुळे तुमच्याकडची विमानं बंद झाली आहेत म्हणे. इकडे सगळे घाबरून तोंडाला रुमाल बांधून फिरतात आणि मी एकटी खूश आहे. आता तुला घालवणार तरी कशातून?

काल संध्याकाळी शिवणक्लास लवकर सोडला आणि चारुलताकडे गेले. वाईची चारू, माझ्याबरोबर कॉलेजात होती, आता इथल्या जिल्हा कोर्टात वकिली करते. तिनं तुझं पत्र दोनदा वाचलं. ती म्हणाली, नोकरीचा निकाल लागायचा तो तिथल्या लेबर ऑफिसातच, आपल्या कोर्टाचा हात तिथवर पोचत नाही. पण तिथं तक्रार करायला मुदत असते, आणि तक्रारदार देश सोडून आला की तक्रार बहुतेक मेलीच. म्हणून तर तुझ्या मॅनेजरांना तिकिटाची एवढी हौस. शिवाय राजीनामा दिलास की आपल्याला काढलं असं म्हणायला तुला जागाच राहत नाही. तेव्हा सकाळी फोनवर लालासाहेबांना सांगितलं तेच पुन्हा लिहिते: लगेच लेबर ऑफिसात जा, तक्रार दे आणि पोच घे. आपल्या वकिलातीत जाऊन नाव नोंदव. तरीही जबरदस्तीनं पाठवायलाच लागले तर लालासाहेबांच्या नावे मुखत्यारपत्र करून मग विमानात चढ, म्हणजे तुझ्या मागे कुणीतरी उभं राहील.

इकडची बाजू माझ्याकडे. तुला धाडलं ते सांगलीच्या जवाहरशेठनी. चारू म्हणते, माणसं परदेशी पाठवायला सरकारचा परवाना लागतो, आणि तुझा नोकरीचा करार मुंबईच्या सरकारी कार्यालयात दाखवल्याशिवाय तुला जाताच आलं नसतं. मग त्या कराराची प्रत तुझ्याकडे कशी नाही? नोटीस आणि चौकशीशिवाय काढता येत नाही असं त्यात असणार. उद्या सांगलीला जाते आणि विचारते.

घाबरू नकोस. आशीर्वाद तर आहेतच, पण या खेपेला आक्काचा रागही तुझ्या बाजूनं आहे.

तुझी,
आक्का


कुंडल,
१२ ऑक्टोबर १९९४

चि. गोमटेशला अण्णाचा आशीर्वाद.

आमी समदी खुशाल हाय. द्राक्षाची छाटणी चालू हाय, माणसं मिळंनात. परवा जवाहरशेठ सांगलीस्नं मुद्दाम घरी आलं हुतं. त्येंनी समदं सांगितलं. तू आमाला कळवलं न्हाईस ह्याचं लय वाईट वाटलं. ते म्हणत्यात, आक्का दुकानात येऊन चार माणसांत नको नको ते बोलून गेली. शेठ आपल्या समाजाचं माणूस हाय. त्येंच्या मनात तुजं भलंच हाय. कंपनी मोठी, सायेब मोठा. सही करून मोकळा हो आन घरला ये. आपल्या घरात कोर्टाची पायरी कुणी चढलं न्हाई. ज्येची क्षमा मागितली त्येच्याशीच भांडाय जायाचं, हे बरं दिसत न्हाई. बाग हाय, घर हाय, चार घास कमी खाऊ. माया आमची हाय तशीच हाय, ती काय नोकरीवर न्हाई.

अण्णा

हे वरचं सगळं अण्णांनी सांगितलं तसं लिहिलं, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. आता खालचं माझं, ते बागेत गेल्यावर लिहिते.

तुम्ही मला कळवलं नाहीत, त्याचा हिशेब तुम्ही आल्यावर करू. पण असे येऊ नका. सही करून आलात तर इथं कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही. सगळे समजून घेतील, सगळे क्षमा करतील, आणि जन्मभर करत राहतील. मला ती क्षमा नको आहे. तुम्ही ते मशीन बिघडवलेलं नाही. बेअरिंगबद्दल तुम्ही जूनमध्ये मला लिहिलं होतं, ते पत्र माझ्याकडे आहे. वन्सं म्हणतील तसं करा. सही करू नका.

जवाहरशेठनी अण्णांना तुमच्या कार्डाचं सांगितलं, पण त्यात काय लिहिलं होतं ते सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, पोरानं लेखी कबुली दिली. तो मजकूर वन्संकडून मागवला आहे. आला की अण्णांना वाचून दाखवीन.

तब्येत सांभाळा. आठवण आहेच, ती लिहून संपायची नाही.

कीर्ती


मस्कत,
३० ऑक्टोबर १९९४

तीर्थरूप सौ. आक्कास,
गोमटेशचा सा. न. वि. वि.

विमानं सुरू झाली आणि तुझं पत्र आणि घरचं पत्र एकाच दिवशी हातात पडलं. घरच्या पत्राचा वरचा अर्धा भाग वाचून मला रडू आलं आणि खालचा अर्धा वाचून लालासाहेब हसायला लागले. म्हणाले, गड्या, तुझ्या घरात बायकाच लय कडक हायत. कीर्तीनं काय लिहिलं ते तुला सांगत नाही, पण तुझी भावजय शोभते.

तुझा फोन आला आणि शुक्रवार उलटताच मी लेबर ऑफिसात तक्रार दिली. मुदतीत बसली. पोच माझ्याकडे आहे. वकिलातीतही नाव नोंदवलं. मॅनेजरांना कळलं तेव्हा त्यांनी लालासाहेबांच्या कंपनीत फोन करून मला खोलीतून काढायला सांगितलं. लालासाहेबांनी त्यांच्या साहेबाला सांगितलं की हा माझा मेहुणा आहे. आता मला रोज त्यांना दाजी म्हणावं लागतं. माझ्यासाठी त्यांनी वेगळी शेगडी मांडली आहे आणि मटण शिजवायचं असलं की मला आधी गच्चीवर धाडतात.

गेल्या आठवड्यात मला आणि मॅनेजरांना समोरासमोर बोलावलं होतं. अधिकारी वयस्कर आहेत, शांतपणे ऐकून घेतात. मॅनेजरांनी मशीनबद्दल फारसं काही सांगितलंच नाही, नुसतं कार्ड पुढं केलं. दुभाष्यानं ते अरबीत वाचलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, हे तू लिहिलंस का? मी हो म्हणालो. त्यांनी विचारलं, कोणत्या चुकीची क्षमा मागतो आहेस? मी म्हणालो, कोणत्याच नाही आणि सगळ्याच. दुभाष्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ऊन लागलंय. मग अधिकारी म्हणाले, जी चूक केली नाही तिची लेखी क्षमा माणूस कशाला मागेल? मी म्हणालो, आमच्याकडे गावच्या गाव मागतं. मॅनेजर मोठ्यानं हसले. अधिकारी हसले नाहीत. ते म्हणाले, तसं असेल तर दाखव. तुझ्या समाजातल्या जबाबदार माणसाचं लेखी आण, आणि तुझा करार आण. जानेवारीतली तारीख दिली आहे.

कंपनी ज्याला ओळखते असा आपल्या समाजातला माणूस एकच, तो म्हणजे जवाहरशेठ. ते लिहून देतील का ग? त्यांनी दोन ओळी लिहिल्या तरी काम होईल. नाही दिल्या तर माझ्या नावावर तो शेरा कायमचा बसेल आणि तो माझ्याच अक्षरात असेल. हे मात्र मला झेपायचं नाही.

दिवाळीला घरी नाही. माझ्या वाटणीचा लाडू कुणालाही देऊ नकोस, लोभासारखा तोही राखून ठेव.

तुझा,
गोमटेश


सातारा,
१८ डिसेंबर १९९४

चि. गोमटेशास,
आक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

या पत्राबरोबर जाड पाकीट आहे, ते उघडायच्या आधी हे वाच.

जवाहरशेठकडे मी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा म्हणाले, कराराची प्रत शोधावी लागेल. दुसऱ्यांदा म्हणाले, कंपनी दरवर्षी आपली पोरं घेते, तुझ्या भावापायी बाकीच्यांचं बंद पाडू का? मी म्हणाले, नुसतं एवढंच लिहून द्या की क्षमावाणीचं कार्ड म्हणजे कबुली नव्हे. तर म्हणाले, मी काय पंडित आहे? मला चहा विचारला. मी घेतला नाही. अशा वेळी मी चहा घेत नाही म्हणजे प्रकरण किती पुढं गेलंय, ते तुला कळेल.

मग नोव्हेंबरात एका दुपारी अण्णा दारात उभे. कुंडलहून एस.टी. बदलत बदलत एकटे आले होते, आणि हातात पिशवीत गुंडाळलेली घरातली तार. आपल्या माजघरातली, पत्रं अडकवायची, तीच. कीर्तीनं त्यांना तुझ्या कार्डाचा मजकूर वाचून दाखवला होता. ते ऐकून अण्णांनी आधी तिला पुन्हा वाचायला लावलं, मग न जेवता उठले. मला म्हणाले, हे तर देवळात म्हणतात तेच हाय, मी पोरपणापासनं म्हणतोय, आन जवाहर ह्येला कबुली म्हणतो व्हय? त्यांना राग आला होता ग बाई, असं मी चारूला सांगितलं तेव्हा तिला खरं वाटेना. मलाही आधी वाटलं नव्हतं. आपल्या अण्णांना मी रागावलेलं कधी पाहिलंच नव्हतं.

तारेवर यंदाची आणि मागच्या सालांची सगळी कार्डं होती. भाऊसोकाकांचं, ज्यांनी आयुष्यात मुंगीही मारली नाही. सांगलीच्या आडत दुकानांची छापील. मावशीचं, मोडक्या अक्षरातलं. तुझ्या पुतणीचं, मोर काढलेलं, त्यात तिनं आजोबांची क्षमा मागितली आहे. सगळ्यांचा मजकूर तुझ्यासारखाच. आणि सगळ्यात वर अण्णांनी मुद्दाम काढून लावलेलं एक, गुळगुळीत कागदाचं, सोनेरी छपाईचं: कळत-नकळत आपले मन दुखावले असल्यास उत्तम क्षमा असावी. खाली जवाहरशेठची सही आणि त्यांच्या एजन्सीचा शिक्का.

चारूनं ते कार्ड हातात घेतलं आणि खिडकीपाशी नेऊन शिक्का वाचला. मग तिनं मुंबईच्या कार्यालयाला तक्रार लिहिली. कराराची प्रत कामगाराला न देणं, अडचणीत हात वर करणं, हे सगळं त्यात आहेच. शेवटी मी एक वाक्य घालायला लावलं. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे असं कार्ड ही कबुली असेल, तर या एजंटानं आमच्या कुटुंबावर केलेल्या अन्यायाची त्याच्याच सहीची कबुली सोबत जोडली आहे. चारू म्हणाली, वकिलानं असं लिहू नये. पण तिनं लिहिलं.

मुंबईहून शेठना नोटीस गेली. त्यानंतर ते स्वतः साताऱ्याला आले. करार सापडला होता. दोन ओळी काय, दोन पानं लिहून आणली होती, क्षमावाणी म्हणजे काय, कधीपासून, कशासाठी, सगळं शास्त्रोक्त. पंडित नाहीत म्हणाले होते, पण लिहिलंय छान. या खेपेला चहा मी केला आणि त्यांनी घेतला.

पाकिटात करार आहे, शेठचं लेखी आहे, कुंडलच्या मंदिराच्या पंचांचं पत्र आहे, कीर्तीकडचं तुझं जूनचं पत्र आहे आणि तारेवरची निवडक कार्डं आहेत. सगळ्याचं इंग्रजी करून नोटरीचा शिक्का मारला आहे. मोराचं कार्ड परत आण, पुतणीनं बजावलं आहे.

अण्णांनी तुला निरोप दिला आहे, सही करू नको. आधी उलटं सांगितलं होतं म्हणून त्यांना स्वतः लिहायची लाज वाटते. त्यांच्या मायेत मात्र खंड नाही, आणि माझ्याही.

तुझी,
आक्का


मस्कत,
२४ जानेवारी १९९५

तीर्थरूप सौ. आक्कास,
गोमटेशचा सा. न. वि. वि.

काल तारीख झाली. आधी शेवट सांगतो, नाहीतर तू घाईनं खालच्या ओळी वाचशील. काढणं बेकायदा ठरलं. शेरा खोडला. राहिलेलं देणं कंपनीनं द्यायचं आहे आणि मला दुसरीकडे काम धरायची मोकळीकही द्यायची आहे. इथल्या एका दवाखान्यात थंड हवेची यंत्रं बघायला माणूस हवा आहे, तिथं बोलणं चाललं आहे.

आता नीट सांगतो. अधिकाऱ्यांनी आधी करार वाचला आणि मॅनेजरांना विचारलं, चौकशी केली का? नाही. नोटीस दिली का? नाही. मग माझं जूनचं पत्र ऐकलं. मग पाकिटातली कार्डं टेबलावर मांडली. टेबल भरलं. मोराचं कार्ड हातात घेऊन त्यांनी दुभाष्याला विचारलं, ही कोण? माझी पुतणी, सहा वर्षांची, असं मी सांगितलं. तिनं काय नुकसान केलं होतं, असं त्यांनी मॅनेजरांना विचारलं. मॅनेजर म्हणाले, ही सगळी कार्डं खटल्यासाठी आता बनवून घेतलेली असतील.

तेव्हा मागच्या बाकावरून आमच्या कंपनीचा वॉचमन उठला. मी त्याला बोलावलं नव्हतं. नोकरी त्याचीही तिथंच आहे, म्हणून मी त्याचं नावही घेतलं नव्हतं. त्यानं खिशातून प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेलं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. मी क्षमावाणीला दिलेलं, तेच अक्षर, तोच मजकूर, तीच तारीख. तो म्हणाला, ह्या माणसानं माझं कधी काही बिघडवलं नाही, तरी माझी क्षमा मागितली. आयुष्यात माझी कुणी क्षमा मागितलेली नाही, म्हणून हे ठेवलं आहे. दुभाष्यानं ते अरबीत सांगितलं आणि कार्ड अधिकाऱ्यांपुढं सरकवलं.

बाहेर आल्यावर मी वॉचमनला म्हणालो, तुला त्रास देतील. तो म्हणाला, दिला तर तू आहेस, लेबर ऑफिसचा रस्ता तुला आता पाठ आहे. मी त्याला शब्द दिला आहे.

अण्णांना सांग, कोर्टाची पायरी नव्हती, नुसतं ऑफिस होतं आणि लिफ्टनं गेलो. कीर्तीला मी वेगळं लिहितो. तुझ्या रागावर माझा हक्क असाच राहू दे.

तुझा,
गोमटेश


सातारा,
१६ सप्टेंबर १९९५

श्री. जवाहरशेठ यांस,
सप्रेम जयजिनेंद्र वि. वि.

आपलं क्षमावाणीचं कार्ड मिळालं. यंदाही सोनेरी छपाई आहे. या वेळी खाली शिक्का मारलेला नाही, हे पाहून हसू आलं.

कार्डासोबत आपण माझ्या सहीसाठी जो कागद धाडलात, तोही मिळाला. गोमटेशचं काम झालं, तो नव्या जागी रुजू झाला, मग मुंबईची तक्रार मागे घ्यायला हरकत काय, असं आपण लिहिता. आपण दोन पानं लिहून दिलीत त्याचे उपकार आम्ही विसरलेलो नाही. पण गेल्या महिन्यात पलूसकडची तीन पोरं आपण धाडलीत. त्यांतल्या एकाची आई माझ्याकडे येऊन गेली. कराराची प्रत तिघांपैकी कुणाच्याच हातात नाही. ती आपल्या कपाटात आहे, जशी गोमटेशची होती.

आपण अण्णांकडेही गेला होतात, ते त्यांनी सांगितलं. आपण म्हणालात, आपल्या धर्मात क्षमा आहे. ते म्हणाले, क्षमा आत्ता घ्या, चहा घेऊन जावा, सहीचं तेवढं पोरीला इचारा. म्हणून आपण मला विचारलंत आणि म्हणून मी उत्तर देते आहे.

गोमटेशनं यंदाही त्या मॅनेजरांना कार्ड दिलं. तोच मजकूर, तसाच इंग्रजीत. जुन्या कंपनीत स्वतः जाऊन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते घेतलं आणि कुठं ठेवावं ते त्यांना सुचेना, असं त्यानं लिहिलं आहे. वॉचमन अजून तिथंच आहे, त्यानं दार उघडून दिलं.

माझंही आपल्याला मागणं आहे. गेल्या वर्षी आपल्या दुकानात मी चार माणसांत बोलले. कळत-नकळत आपलं मन दुखावलं असेल. नकळत थोडं, कळून जास्त. त्याची हात जोडून उत्तम क्षमा मागते.

आणि आपल्यालाही मी मनापासून क्षमा केली आहे. तक्रार मागे घेतलेली नाही. आपला कागद सहीशिवाय सोबत परत पाठवते.

स्नेह दोन्हीकडून राहो. सोमवारी मुंबईत सुनावणीला भेटूच.

आपली,
चंदनबाला